सीतादहीचा कापूस

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. म्हणजे — अर्धं परवा सांगितलं, नावेपाशी बसलेल्या बायांसमोर, आणि त्या अर्ध्यावर मला शाबासकीही मिळाली. मनाची मोठी बाई, इतक्या वर्षांनी कबूल केलं, असं काय काय. म्हणून तर उरलेलं अर्धं आता जास्त टोचतंय. ते माझ्या नवऱ्याला माहीत नाही, मुलाला नाही, आणि जिला सगळ्यात आधी कळायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्ही समोर बसला आहात असं धरून बोलते. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला जुनी खोड आहे, त्यामुळे थोडं फिरून येईन. पण येईन.

आमचं गाव मोताळा तालुक्यातलं. धरण झालं तेव्हा घरं वर सरकली आणि काही जणांची शेतं पाण्याच्या पलीकडे राहिली. उन्हाळ्यात पाणी आटलं की माणूस चालत जातो. पण श्रावणात पाणी फुगायला लागलं की चालणं बंद, आणि रस्त्यानं जायचं तर एवढा मोठा वळसा की तण निंदायला निघालेली बाई पोचेपर्यंत जेवायची वेळ व्हावी. म्हणून नाव. पलीकडे शेत असलेल्या घरांची मिळून एकच लाकडी नाव आहे. कापसाची शेवटची वेचणी होईपर्यंत ती चालते, मग काठावर पालथी पडून उन्हाळाभर वाळते. वाळली की फळ्या आक्रसतात आणि सांधे उघडे पडतात. दरवर्षी पोळ्याच्या आधी ते सांधे बुजवून, वरून डांबर फासून ती पुन्हा पाण्यात जायला तयार करायची असते.

सांधे बुजवतात कापसाच्या वातीनं. आणि आमच्याकडची रीत अशी, की प्रत्येक घराचा एक सांधा ठरलेला. ज्याचा सांधा त्याची वात. कापूस कुठलाही चालत नाही. पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतात सीतादही करतात — दहीभाताचा नैवेद्य, हळदकुंकू, आणि मग पहिली बोंडं वेचायची. त्या पहिल्या कापसातला ओंजळ-दोन ओंजळ घरी आणून गाडग्यात ठेवायचा, तो नावेचा. पुढच्या श्रावणात बायका त्याची सरकी काढून, मांडीवर लांबच लांब वाती वळतात, जवसाच्या तेलात बुडवतात, आणि पुरुष माणसं बोथट छिन्नीनं त्या सांध्यात ठोकून बसवतात. आता मासेमारी करणाऱ्यांकडे फायबरच्या नावा आल्या आहेत. माझा अमोल म्हणतो, आपणही घेऊ. म्हणतो आणि दरवर्षी डांबराचा डबा घेऊन याच नावेखाली शिरतो.

मी चिखलीची. वडील कचेरीत कारकून. लग्न होऊन आले तेव्हा मी नाव फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेली होती, आणि शिडाशिवाय नाव असते हे मला इथं कळलं. बारावी झाले होते, त्यामुळे मला सगळं येतं असा माझा समज होता. तो समज ज्या बाईनं हसत हसत, एकदाही मला न दुखवता, एकेक करून उतरवला, ती माझी जाऊबाई. थोरली. मला चूल पेटवता येईना तर ती म्हणायची, "फुक नको मारू व, चूल हाये, दिवा नाही." मला पोहायला तिनं शिकवलं. कापूस वेचताना बोटं कापू नयेत म्हणून बोंडाला कुठून धरायचं ते तिनं शिकवलं. सासूबाईंची आवडती बरणी माझ्याकडून फुटली तर "माह्या हातून फुटली" म्हणून ती उभी राहिली. इतकं चांगलं वागणारं माणूस जवळ असलं की काय होतं माहीत आहे? आपल्याला त्याची सवय होते. आणि सवय झालेल्या गोष्टीची किंमत कोण करतं?

जाऊबाईंना मूल नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झालेली, दवाखाने झालेले, नवस झालेले. घरात कोणी तोंडावर बोलत नसे. तीही बोलत नसे. आणि मी आल्यावर वर्षाच्या आत मला दिवस गेले.

आता त्या श्रावणाकडे येते.

मला सातवा लागला होता. भाद्रपदात माहेरी जायचं होतं आणि त्याआधी बाळाची पाळण्यातली गादी शिवून ठेवायची माझ्या मनात होती. कापूस तर सगळा विकला गेलेला. घरात होता तो जुन्या रजयांतला, कळकट, गोळे झालेला. आणि कोनाड्यातल्या गाडग्यात होता तो नावेचा — लांब धाग्याचा, पांढराशुभ्र, मधूनच सीतादहीच्या कुंकवाचा गुलाबी शिंतोडा उडालेला. मी तो काढला. दुपारी घरात कोणी नसताना काढला, माझ्या खोलीत दार लावून गादी शिवली, आणि गाडग्यात एका फाटक्या उशीतला कापूस पिंजून भरून ठेवला. वरून थोडासा चांगला पसरला. भेसळ करायची अक्कल बघा कुठून आली — बारावीत तर शिकवली नव्हती.

तुम्ही म्हणाल, मागितला का नाही? येते. तिथंच यायचं आहे मला.

वाती वळायला आम्ही दोघी बसलो; सरकी मी आधीच काढून ठेवली, असं तिला सांगितलं होतं. मी बोटांनी कापूस मोकळा करून द्यायचा, तिनं वळायचं. थोडं वळल्यावर ती थांबली. म्हणाली, "यंदाचा कापूस काऊन असा भुसभुशीत लागून राह्यला?" मी म्हटलं, ओल लागली असेल. तिनं माझ्याकडे पाहिलं, मान डोलावून हाव म्हणाली, आणि वळत राहिली. माझ्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे तिनं त्या दिवशी काही केलं नाही.

नाव पाण्यात गेली. पहिल्या एक-दोन फेऱ्या निभावल्या. मग एका सकाळी निंदायला निघालेल्या बाया भरून नाव निघाली, जाऊबाईही तिच्यात होती, आणि मी पोट घेऊन काठावर उभी होते. पलीकडचा काठ जवळ आला असताना गडबड दिसली. आमचाच सांधा. वात तेलासकट पिळून बाहेर आली होती म्हणे, आणि पाणी नळासारखं आत. बाया घमेल्यांनी उपसत होत्या. जाऊबाईनं आधी पदर कोंबला, मग तळहात दाबून धरला. नाव काठापाशी पोचता पोचता बसलीच. कमरेएवढ्या पाण्यातून बाया बाहेर पडल्या, पण म्हाताऱ्या रुख्माबाई घसरून खाली गेल्या. त्यांना दंडाला धरून ज्या बाईनं वर ओढलं ती जाऊबाईच. कोणी दगावलं नाही. हे वाक्य मी आजवर मनात किती वेळा म्हटलं असेल! कोणी दगावलं नाही, कोणी दगावलं नाही. जणू तेवढ्यानं हिशेब मिटतो.

दुपारी सगळ्यांना मासेमारी करणाऱ्यांच्या नावेतून परत आणलं. काठावर गाव जमलं. रुख्माबाई धाबळीत गुंडाळून बसल्या होत्या, कापत होत्या, आणि रागावलेल्या होत्या — माणूस मरता मरता वाचलं की रागावतंच. त्यांनी विचारलं, "त्या सांध्याची वात कोनाच्या हातची?"

जाऊबाई थोडी दूर, ओल्या लुगड्याचा पदर पिळत होती.

मी म्हटलं, "जाऊबाईंच्या हातची."

खोटं होतं का ते? नव्हतं. वात तिनंच वळली होती. जगातलं सगळ्यात खरं वाक्य मी त्या दुपारी बोलले.

आणि रुख्माबाई म्हणाल्या, "तं मंग काय. रिकाम्या कुशीच्या बाईची वात. तिले पानी कसं अडन?"

ज्या बाईनं त्यांना त्याच सकाळी पाण्यातून ओढलं होतं, तिच्याबद्दल. आणि तिनं ते ऐकलं. पदर पिळून झाला, तिनं तो झटकला, खांद्यावर टाकला आणि घरी आली. रात्रीच्या भाकरी तिनंच थापल्या. मला दोन जीवांची म्हणून पहिली गरम भाकरी वाढली.

पुढच्या वर्षीपासून ती वाती वळायला बसली नाही. कोणी तसं सांगितलं नाही, पण बोलावलंही नाही. आणि बघता बघता ती गावाची रीतच झाली — नावेची वात लेकुरवाळीनं वळायची. जणू धरण झालं तेव्हापासूनच असं होतं. आमच्या सांध्याची वात मी वळायला लागले. माझ्या वातीतून कधी थेंब आला नाही. बाया कौतुक करायच्या, मंदाचा हात चांगला आहे म्हणायच्या. चोराच्या मनात चांदणं; प्रत्येक कौतुकाला माझे कान गरम व्हायचे, आणि तरी पुढच्या वर्षी मी मांडी घालून बसायचेच.

आता दुसरी बाजूही सांगू द्या, कारण तिच्यावाचून हे सांगण्याला अर्थ नाही. अमोल झाला आणि मला ताप आला. असा ताप, की माझी मला शुद्ध नव्हती. चिखलीला माझ्या आईला एकटीनं झेपेना, म्हणून जाऊबाई आली. माझं अंग पुसलं, माझ्या वेण्या सोडवल्या, आणि ते एवढंसं लेकरू त्याच गादीवर, मांडीवर गादी घेऊन, रात्र रात्र सांभाळलं. मी बरी झाले आणि पोरगं तिचं झालेलं होतं. तो बोलायला लागला तो मला आई आणि तिला मोठी माय म्हणत. पहिल्यांदा नावेत बसला तो तिच्या ओटीत. पाण्याला भिऊ नये म्हणून तिनं त्याचा हात धरून पाण्यात बुडवला, आणि दोघं हसत सुटले. मी शेजारी होते. आपलं मूल दुसऱ्या कोणाच्या जवळ इतकं सुखी पाहिलं की आईला मत्सर वाटतो म्हणतात. मला खरंच नाही वाटला. मला देवाचे आभार मानावेसे वाटले, आणि मानता मानता ते अर्ध्यावर सोडून मी दुसऱ्याच कामाला लागायचे, ते का हे तुम्हाला आता कळलं असेल. माझ्या संसारात जे जे नीट आहे — पोराचा स्वभाव, घरातली शांतता, माझी स्वतःची थोडीफार सुधारलेली जीभ — त्यातलं बरंचसं तिच्याकडून आलेलं आहे. हे मी फुगवून सांगत नाही.

अमोलच्या लग्नाला आता तीन वर्षं होत आली. सून स्वाती, उंद्रीची. शेतकऱ्याची मुलगी, हाताला चपळ, बोलायला गोड. मूल अजून नाही. होईल, न होईल. मी विचारत नाही. पण गाव विचारतं.

परवा नावेपाशी बाया वाती वळायला बसल्या. माझे गुडघे हल्ली मांडी घालू देत नाहीत, म्हणून मी स्वातीला म्हटलं, यंदा आपली वात तू वळ. ती बसली, पदर खोचला, कापूस हातात घेतला. तेवढ्यात रुख्माबाईंची सून — रुख्माबाई जाऊन खूप वर्षं झाली — अगदी साध्या आवाजात म्हणाली, "स्वाती, तू नको बसू व. लेकुरवाळीनंच वळा लागते. आपल्या इथं तशी रीत हाये." दुष्टपणानं नाही म्हणाली. पाट सरकव म्हणावं तशी म्हणाली. स्वातीनं कापूस खाली ठेवला. उठताना तिनं तोंड फिरवलं, पण मला दिसलं. तो चेहरा मी आधी एकदा पाहिला होता, ओल्या लुगड्यामागं.

मी काय केलं? काहीच नाही. मी तिथं दगडावर बसून होते.

जाऊबाई उठली. आता तिची पाठ वाकली आहे, तरी घर जवळच, गेली आणि आली. हातात ती गादी. अमोलची, पाळण्यातली. तिनं ती आपल्या ट्रंकेत जपून ठेवली होती, मला वाटायचं मायेनं ठेवली. सगळ्यांसमोर तिनं दातानं शिवण उसवली, आतला कापूस ओढून काढला. पिवळट झालेला, दबलेला — पण मधूनच कुंकवाचा रंग अजून होता. तिनं तो स्वातीच्या ओंजळीत ठेवला. म्हणाली, "हा नव्या कापसात मधी घाल अन् वळ. नावेचाच हाये हा. राह्यला होता द्याचा."

मग तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. तिला कधीपासून ठाऊक होतं? अमोल रांगत असताना गादी उन्हात घालायला काढली, एका कोपऱ्याची शिवण सुटली होती, आत तो रंग दिसला — हे तिनं मला नंतर सांगितलं. म्हणजे जवळपास अमोलच्या वयाइतकी वर्षं. इतकी वर्षं ती त्या गावात रिकाम्या कुशीची बाई म्हणून राहिली, आणि उत्तर तिच्या ट्रंकेत घडी घालून पडलेलं होतं.

तेव्हा मी उठले. उठलेच म्हणायचं, पायांनी उठवलं. आणि बायांना सांगितलं — त्या वर्षीची वात जुन्या उशीच्या कापसाची होती, चांगला कापूस मी चोरला, नाव माझ्यामुळं बसली, जाऊबाईंच्या हातामुळं नाही. ही रीत त्या खोट्यातून निघालेली आहे. स्वाती वात वळेल. रुख्माबाईंच्या सुनेनं सरकून जाऊबाईला आपल्याशेजारी जागा केली. जाऊबाई बसली. जुन्या कापसानं पाणी अडत नाही हे मला आता कोणी शिकवायला नको, पण नव्या वातीच्या पोटात तो एक धाग्यासारखा बसला, दोघींनी मिळून वळला, आणि अमोलनं तो सांधा छिन्नीनं भरला. मोठ्या मायला चहा दिला आधी, मग मला.

हे झालं सांगितलेलं अर्धं. इथं थांबले असते तर गोष्ट छान झाली असती, नाही?

संध्याकाळी डांबर वाळत होतं आणि आम्ही दोघीच नावेशी बसलो होतो. जाऊबाई म्हणाली, "मंदे, येक सांग. तवा मले मांगितला असता तं मी देल्ला नसता काय व कापूस?"

मी म्हटलं, "देल्ला असता."

"मंग काऊन नाही मांगितला?"

आणि मी म्हटलं, "नवी होती बाई मी. तुमचं भेव वाटलं."

ती हसली. "माह्यं भेव? येडी." माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि तिच्याकडून ते संपलं.

ते खोटं होतं. जुनं नाही — परवाचं, ताजं. सगळं कबूल करून झाल्यावर, तिच्या डोळ्यांत बघून बोललेलं.

तिची भीती मला कधीच वाटली नाही. तिची भीती कोणाला वाटेल? माझ्या आईनं मला बजावून सांगितलं होतं, की लेकराच्या पहिल्या गादीला त्या बाईचा हात लागू देऊ नको. कापूस मागितला असता तर तो तिनं दिला असता, आणि नुसता दिला नसता — बसून पिंजला असता, गादीही तिनंच शिवली असती. तेच मला नको होतं. आईनं सांगितलं म्हणून नाही हो. मला ते पटलं होतं. आणि काठावर रुख्माबाईंनी विचारलं तेव्हा मी तिचं नाव घेतलं ते घाबरून नाही. पुढचं वाक्य कोणतं येणार हे मला ठाऊक होतं. कापूस मी स्वतः बदलला होता, या हातांनी, आणि तरी ते वाक्य ऐकताना माझ्या मनात आलं — असेलही.

एवढंच उरलेलं होतं.

ज्या हातापासून मी माझं बाळ जपायला निघाले, तो हात नसता तर ते बाळ त्या तापात जगलं असतं की नाही, मला माहीत नाही. परवा तोच हात माझ्या पाठीवरून फिरला.

उद्या नाव पाण्यात जाणार आहे. पुढच्या फळीवर जाऊबाई बसेल, तिच्याशेजारी मी. पाण्याच्या मध्यावर गेलो की मी तिला हे सांगणार आहे. तिथून तिलाही उठून जाता येत नाही आणि मलाही.